सपना मॅडमचे तीनशे फॉर्म

धुळ्याहून नरडाण्याकडे निघालं की हायवेच्या डाव्या अंगाला एमबीएचं कॉलेज लागतं. तीन मजले, निळ्या काचा, गेटवर सुटाबुटातल्या पोरापोरींचा मोठ्ठा बोर्ड. त्या बोर्डावरची पोरं ह्या कॉलेजात कधीच शिकलेली नाहीत, फोटो नेटवरून काढलाय. कुंदनला हे माहीत, कारण तो फोटो त्यानंच काढून दिला होता.

कुंदनचं दुकान गेटासमोर. पत्र्याचं. झेरॉक्स, टायपिंग, बाइंडिंग. नववीत शाळा सोडली आणि तो इथं येऊन बसला तो बसलाच. स्वतः दहावी नाही, पण चाळीसेक लोकांचे प्रबंध त्याच्या हाताखालून गेले. त्यातले निम्मे आता 'डॉक्टर' लावतात आणि दुकानासमोरून जाताना मान वर करत नाहीत.

सपना मॅडम मान वर करायच्या. बसमधून उतरल्या की आधी दुकानात, "काय रे कुंदन, मशीन जिवंत आहे का?" मग कॉलेजात.

मॅडम भडगावच्या. वडील भाईदास लवकर गेले. आई रुक्माबाईनं जिनिंगमध्ये वीस वर्षं कापूस वेचून हिला शिकवलं. रुईच्या धुरळ्यानं आईची छाती गेली, पोरगी मात्र एमबीए झाली, सेटची परीक्षा पास झाली, आणि ह्या कॉलेजात लागली. लागली म्हणजे काय, तासिका तत्त्वावर. जितके तास तितका पगार. उन्हाळ्यात तास नाहीत म्हणून पगार नाही. अशी नऊ वर्षं.

विषय कोणता शिकवायच्या, तर संशोधन पद्धती. वर्गात साठ पोरं, त्यातली चाळीस हजेरीपुरती. पहिल्याच दिवशी मॅडम म्हणायच्या, "तुम्ही नोकरीला लागा की नका लागू, निदान समोरच्या माणसाला नीट विचारायला शिका. आणि तो जे बोलला तेच लिहायला शिका." पोरं हो म्हणायची आणि बाकाखाली मोबाइल बघायची.

कुंदनचा मॅडमवर जीव का होता, ते सांगितलं पाहिजे. चार वर्षांपूर्वी कॉलेजात पेपर फुटला. सगळ्यांनी बोट कुठं दाखवलं? झेरॉक्सवाल्याकडं. पोलीस दुकानात आले, शटर ओढलं. कॉलेजातले कायमचे प्राध्यापक गेटावर उभे राहून बघत होते, चहा पीत. मॅडम एकट्या प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेल्या आणि म्हणाल्या, पेपर दुकानात आला तो परीक्षा संपल्यावर, मी स्वतः नेला होता, वेळ रजिस्टरमध्ये आहे. कुंदन सुटला. पुढच्या सहामाहीत मॅडमचे तीन तास कमी झाले. का, ते कोणी सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

त्या दिवसापासून मॅडमविरुद्ध कोणी ब्र काढला की कुंदन मशीन बंद करायचा. "कागद संपना." संपला म्हणायचा, आणि कागदाचे रीम मागं रचलेले असायचे.

मॅडमची पीएच.डी. जळगावच्या विद्यापीठात चालू होती, सहा वर्षं. विषय होता नरडाण्याच्या एमआयडीसीतल्या बायका. कंपन्या दर दोन महिन्यांनी बाया भरतात, बाया सहा महिन्यांत काम सोडतात. का सोडतात? कंपन्यांचं म्हणणं, ट्रेनिंग नाही म्हणून. मॅडमनी प्रबंधात तेच गृहीत धरलं होतं, कारण मार्गदर्शकांनी तसं धरायला लावलं. मार्गदर्शक म्हणजे चुडामण सर. सगळे त्यांना नानासर म्हणतात. धुळ्यातल्या देवपुरात बंगला, कंपन्यांत ओळखी.

विद्यापीठानं मंजूर केलं होतं ते असं: तीनशे बायांना विचारायचं. एकवीस प्रश्नांचा फॉर्म. शेवटी सही, नाहीतर अंगठा.

मॅडम स्वतः जायच्या. पाळी सुटायच्या वेळी कंपनीच्या गेटाबाहेर उभ्या राहायच्या. बाया घाईत. कोणाला गाडी पकडायची, कोणाचं लेकरू घरी एकटं. पहिल्या दिवशी एक बाई अंगावर आली, "सुपरवायझरनी माणूस शे का व तू? नाव लिखीसन काय करशी?" मॅडमनी त्या दिवशी एकही फॉर्म भरला नाही. नुसत्या बायांसोबत टेम्पोत बसून त्यांच्या गावापर्यंत गेल्या आणि परत आल्या. चौथ्या दिवशी त्याच बाईनं, कमलबाईनं, पहिला फॉर्म दिला. असे एकेक करत वर्ष-सव्वा वर्षात एकशे चाळीस झाले. गेल्या मे महिन्यात मॅडम गेटावरच उन्हानं चक्कर येऊन पडल्या. बायांनीच पाणी मारलं. तिसऱ्या दिवशी परत गेटावर.

मग डिसेंबरात रुक्माबाई घसरली, खुब्याचं हाड मोडलं. दवाखाना, ऑपरेशन, उचलणं, बसवणं. घरात दोघीच. आणि विद्यापीठाची शेवटची मुदतवाढ एकतीस मार्चची. त्यानंतर नोंदणी रद्द, सहा वर्षं पाण्यात. त्यात कॉलेजात एक कायमची जागा निघणार अशी पक्की खबर. पीएच.डी. असेल तर मॅडम, नसेल तर दुसरं कोणी. जागा पुन्हा निघायला आणखी दहा वर्षं, तोवर वय गेलेलं.

जानेवारीत मॅडमनी जे कधी केलं नव्हतं ते केलं. उरलेले एकशे साठ फॉर्म दुसऱ्या वर्षाच्या पोरांना वाटले. आठ गट, प्रत्येकी वीस. अंतर्गत मार्क त्याच्यावर. वर्गात दोन तास समजावून सांगितलं, कसं विचारायचं, बाई थकलेली असते, आवाज चढवायचा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेघा दुकानात आली. एका गटाची लीडर. "कुंदनदादा, सर्व्हे सेट आहे का?"

आता हा सर्व्हे सेट काय, ते कॉलेजबाहेरच्या माणसाला कळायचं नाही. कुंदननंच तो काढला होता. एका पिशवीत निळं पेन, काळं पेन, जेल पेन, जाड रिफीलचं एक, आणि शाईचा पॅड. फॉर्म कोणालाच विचारायचे नाहीत, बाकावर बसून भरायचे. पण अक्षर आणि शाई वेगवेगळी दिसली पाहिजे ना. धुळ्यात, जळगावात, प्रोजेक्टच्या मोसमात हे असंच चालतं. सरांना माहीत, परीक्षकांना माहीत. कुंदन वर्षाला शंभर सेट विकायचा.

मेघानं गठ्ठा काढला. कुंदननं वरचं नाव वाचलं.

"हे तर मॅडमचं शे!"

"मग? मॅडमचंच काम आहे. नरडाण्याला जायला बस कोणती, गेटावर थांबायचं किती! आणि त्या बाया बोलत पण नाहीत."

कुंदननं तिला हाकलायला पाहिजे होतं. दुसऱ्या कोणाचा गठ्ठा असता तर त्यानं विचारही केला नसता. पण हा मॅडमचा होता, म्हणून त्यानं विचार केला, आणि उलटाच केला. त्याच्या डोक्यात आलं, मॅडम मेमध्ये उन्हात पडल्या. आई अंथरुणात. एकतीस मार्च जवळ आलाय. पोरं नाही म्हणाली तर मॅडम परत गेटावर जाऊन उभ्या राहतील. त्यापेक्षा होऊन जाऊ दे ना बाबा.

"बसा," तो म्हणाला. "पण नीट भरा. माझ्यासमोर."

तीन गटांच्या पोरांनी तर नुसता गठ्ठा त्याच्याकडं टाकला आणि पळाली. ते साठ फॉर्म कुंदननं स्वतः भरले. ताईबाई, लताबाई, ज्योती, मावश्या, चुलत्या, आजोळची सगळी माणसं आठवून लिहिली. हाताचे आणि पायाचे अंगठे लावले. पायाचा अंगठा मोठा येतो, शेतात राबलेल्या बाईचा वाटतो. हे त्याला सुचलं तेव्हा तो स्वतःवरच खूश झाला होता. फॉर्म मॅडमच्या हातात देताना छाती फुगली होती.

मॅडम म्हणाल्या, "पोरांनी मनावर घेतलं रे ह्या वेळी."

तो हसला.

वीस मार्चला कोष्टकं निघाली. आकडे कुंदननंच भरले होते. नानासर फोनवर इतके खूश की आवाज दुकानात ऐकू येत होता. "गृहीतक सिद्ध झालं, सपना! ट्रेनिंग दिलं की बाया टिकतात, एकदम स्वच्छ रिझल्ट. मी सर्टिफिकेटवर सह्या करून ठेवतो. कंपनीवाले पण एक प्रत मागताहेत, फ्रेम करतील."

मॅडम स्टुलावर बसून पानं बघत होत्या. एका पानावर थांबल्या. मागं गेल्या, परत पुढं आल्या.

"कुंदन, अकरावा प्रश्न. जेवायला किती वेळ मिळतो."

"हो."

"माझ्या एकशे चाळीस बायांचं बघ. दहा मिनिटं. बारा. 'उभ्यानं खाते'. 'मशीन बंद पडली तर'. एक म्हणाली, संडासात जायचं की जेवायचं, एकच होतं. आणि पुढच्या एकशे साठ?"

कुंदननं बघितलं. एकशे साठच्या एकशे साठ, तीस मिनिटं.

कंपनीच्या गेटावर पाटीच आहे, जेवणाची सुट्टी तीस मिनिटं. पोरांनी तिचा फोटो मागवला होता. कुंदननंही त्यावरूनच लिहिलं.

"पोरं गेलीच नाहीत का?" मॅडमनी विचारलं. शांत आवाजात. ओरडल्या असत्या तर सोपं झालं असतं.

"नाही गेली."

"तुला माहीत होतं?"

"साठ मी भरले, मॅडम."

मॅडम त्याच्याकडं बघत राहिल्या. त्याला वाटलं आता थोबाडीत बसेल. बसली तर बरं, असंही वाटलं.

"का रे?"

"तुम्ही परत उन्हात जाशाल म्हणून."

मॅडमनी पानं सरळ केली, बोटानं कडा जुळवत राहिल्या. म्हणाल्या, "मी पण त्यांना पाठवायला नको होतं. मला माहीत होतं ना ही पोरं कशी आहेत. मी बघितलं नाही, कारण मला बघायचं नव्हतं." आणि मग, खाली बघत, "कोणाला कळेल का रे हे?"

"कोणालाच नाही," कुंदन पटकन म्हणाला. "आईशप्पथ मॅडम, कोणालाच नाही."

हे ऐकून त्यांचा चेहरा सुटेल असं त्याला वाटलं होतं. तो आणखीच बंद झाला. त्यांनी एकशे साठ फॉर्म वेगळे काढले, दोरीनं बांधले.

नानासरांकडं त्या त्याच दिवशी गेल्या. कुंदन मोटरसायकल घेऊन सोडायला गेला होता, व्हरांड्यात उभा होता, सगळं ऐकू येत होतं.

"एकशे चाळीसवर प्रबंध होऊ द्या, सर. खरे आहेत ते."

"मंजुरी तीनशेची आहे. नमुना बदलायचा तर समितीपुढं जावं लागेल. समिती जूनमध्ये बसते. तुझी मुदत मार्चची."

"मग मी उरलेल्या आणते."

"अकरा दिवसांत?" नानासर हसले. वाईट माणूस नव्हता, फक्त त्याला कशानंच काही वाटायचं नाही. "अगं बाई, माझा स्वतःचा प्रबंध काय उन्हात उभं राहून झाला का? आज मागं कोण विचारतं? तुझ्या आईचं बघ. कायम हो आधी, मग काय खरं करायचं ते कर."

"सर, ह्यातून निघतंय की बायांना अर्धा तास सुट्टी मिळते आणि तरी त्या ट्रेनिंग नाही म्हणून पळतात. हे मी कसं छापू?"

"आकडे छापायचे असतात. तू काय छापतेस?"

मॅडम बाहेर आल्या. "चल."

दुसऱ्या दिवसापासून कुंदननं दुकान बंद केलं. मार्च महिना, प्रोजेक्टचा मोसम, पोरं शटरवर लाथा मारून जायची. तो आणि मॅडम नरडाण्याच्या गेटावर. सकाळच्या पाळीला, दुपारच्या पाळीला.

गेल्या वर्षीच्या बाया राहिल्या नव्हत्या. कमलबाईसुद्धा. तिची सोबतीण म्हणाली, "ती सोडी गयी माय. आते सुरतले शे. बठ्ठ्या ज्या त्या निंघी गयात." ज्या बाया आपल्यासाठी शब्द टाकतील असं मॅडमना वाटत होतं, त्यांच्यातली एकही उरली नव्हती. नव्या बायांना सगळं पहिल्यापासून. कोण तुम्ही, कशाला लिहिता, नाव नको लिखू. त्यात तिसऱ्या दिवशी वॉचमननं हटकलं. साहेबांचा निरोप, गेटासमोर थांबायचं नाही. कंपनीला कोणी सांगितलं कोणास ठाऊक. मग ते पुढं फाट्यावर जाऊन उभे राहिले, टेम्पो थांबतात तिथं.

कुंदन पहिल्यांदाच कोणाला विचारत होता. एका बाईला त्यानं अकरावा प्रश्न विचारला.

"जेवाले?" ती म्हणाली. "डबा उघडस तवरोत बेल व्हई जास. घर जाताना टेम्पोमा खास. दाखाडू का डबा?"

तिनं खरंच डबा उघडून दाखवला. दोन भाकरी, ठेचा, तसंच्या तसं. कुंदननं काय लिहायचं ते कळेना, मॅडमकडं बघितलं. मॅडम म्हणाल्या, "ती म्हणाली तेच."

नऊ दिवसांत सदतीस झाले. एकशे चाळीस आणि सदतीस, एकशे सत्त्याहत्तर. पाहिजेत तीनशे.

तीस तारखेला कुंदन मॅडमना न सांगता दुकानात गेला. मशीन चालू केलं. जुनी फाइल, ते स्वच्छ कोष्टकांचं, तीस मिनिटांचं, सगळं छापलं. पाच प्रती. काळं रेक्झिन, वर सोनेरी अक्षरात मॅडमचं नाव. देवपुरात जाऊन नानासरांनी सह्या केलेली पानं आणली. नानासर म्हणाले, "बरं झालं, अक्कल आली तिला." कुंदननं पानं पिशवीत घातली.

एकतीसला सकाळी तो धुळे स्टँडवर पोहोचला. मॅडम आईला भडगावला मामांकडं सोडून त्याच वेळी स्टँडवर उतरणार होत्या. साडेअकराची जळगाव गाडी लागली होती. विद्यापीठाची खिडकी पाचला बंद होते. मॅडम उतरून बाकावर टेकल्या तशी त्यानं पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली.

मॅडमनी एक प्रत काढली. वरच्या नावावरून हात फिरवला. सोनं ओलं होतं की काय, बोटाला लागलं. आतलं पहिलं पान उघडलं, आईला अर्पण केलेलं. ते वाचत राहिल्या. कंडक्टरनं जळगाव जळगाव म्हणून ओरडायला सुरुवात केली.

"गाडीत बसा मॅडम," कुंदन म्हणाला. "तुमचे पाय धरतो. सगळे हेच करतात. तुम्हीच काय पाप केलंय? तुम्ही एकट्या कोणाला पुरणार?"

"ह्याच्यात साठ बाया तूच आहेस ना?"

"हो."

"म्हणजे मी तुझ्यावर डॉक्टर व्हायचं."

त्याला हसू आलं, त्यांनाही. दोघं स्टँडच्या बाकावर येड्यासारखे हसले, आणि मग मॅडमच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना. लोक बघायला लागले. गाडी हलली. कुंदन धावत गेला, कंडक्टरला म्हणाला थांब, एक मिनिट थांब. मागं वळून बघितलं तर मॅडम बाकावरच बसलेल्या होत्या. उठल्या नाहीत. गाडी गेली.

मॅडमनी ते घ्यायला पाहिजे होतं. कुंदन आजही तेच म्हणतो. कोणी म्हणालं की बाईनं तत्त्व सोडलं नाही, तर तो त्याच्यावर खेकसतो. तत्त्व गेलं खड्ड्यात, म्हातारीच्या औषधाला तत्त्व चालतं का मेडिकलमध्ये? पण हेच दुसऱ्या कोणी म्हटलं, की बाई मूर्ख होती, तर त्याच्याही अंगावर जातो.

एप्रिलमध्ये नोंदणी रद्द झाल्याचं पत्र आलं. पोरांना अंतर्गत मार्क मिळाले, सगळ्यांना, कारण प्राचार्य म्हणाले निकाल खाली जायला नको. मॅडमनी मेघाला बोलावून विचारलं, गेली का नाहीस? मेघा म्हणाली, "मॅडम, सगळे गट असंच करतात, आम्हाला वाटलं तुम्हाला माहीत आहे." खोटं बोलली नाही पोरगी. कुंदननं सर्व्हे सेट ठेवणं बंद केलं. पलीकडच्या स्टेशनरीवाल्यानं सुरू केलं, त्यात स्केचपेनही घातलं.

जूनमध्ये समिती बसली. तोवर मॅडमच्या नावावर काही उरलं नव्हतं समितीपुढं न्यायला. जुलैत मुलाखती झाल्या. जळगावचे एक डॉक्टर लागले, तरुण. त्यांचा प्रबंध कुंदननंच बांधला होता दोन वर्षांपूर्वी. काय होता, ते त्याला माहीत.

नव्या वर्षाचं वेळापत्रक कॉलेजनं छापायला पाठवलं. संशोधन पद्धती, सगळे तास नव्या सरांकडं. मॅडमचे दोन. शनिवारी, संभाषण कौशल्य. कुंदननं कागद हातात धरला आणि तसाच धरून बसला. शिपाई दोनदा येऊन गेला. तिसऱ्या वेळी मॅडमच आल्या, बसमधून उतरून.

"छापलं नाहीस अजून?"

"कागद संपना."

मॅडमनी मागच्या रीमकडं बघितलं. एक रीम फोडला, मशीनमध्ये घातला, बटण त्यांनीच दाबलं. दहा प्रती निघाल्या. एक त्यांनी पर्समध्ये घातली, नऊ त्याच्या हातात दिल्या.

"उद्या सकाळी नऊच्या आत कॉलेजातल्या बोर्डांवर लाव. नाहीतर पोरं चुकीच्या वर्गात जाऊन बसतील."

दुसऱ्या दिवशी त्यानं नऊच्या आत लावलं. चारही कोपऱ्यांना पिना मारून.